कातरलेल्या कडा

लेइडाआजीच्या खोलीला लावून उरला होता तो कागद.
भिंतीचा. निळा, थोडा राखाडीकडे झुकलेला,
त्यावर रायच्या शेतात न पेरता उगवतात ती फुलं.
साल चुहात्तर. तार्तूच्या दुकानात तेव्हा
भेटीवर गुंडाळायचा कागद मागितला असता,
तर बाईंनी आधी विचारलं असतं,
भेट कुठे मिळाली?

आजीने त्यात लोकरीची चादर बांधली
आणि हीउमा बेटावर धाकट्या बहिणीला धाडली.
पुढच्या डिसेंबरात कागद परत आला.
आत धुरी दिलेला मासा.
सगळ्या फुलांना माशाचा वास.
"वाइकेला अक्कल कधी येणार!" आजी म्हणाली,
आणि दोन दिवसांत मासा संपवला.

मग तो येत-जात राहिला,
एक वर्ष इकडून, एक वर्ष तिकडून.
चिकटपट्टी लावणारा आमच्याकडे चोराइतकाच वाईट.
बांधायला जवसाचं सूत,
गाठ अशी की दातांनी सुटावी, कात्री लागू नये,
वर जुनिपरची एक डहाळी.
मी आठ वर्षांची झाले तेव्हा इस्त्री माझ्याकडे आली.
ओलं फडकं पसरायचं, इस्त्री कोमट,
घडीवर दाबायचं नाही, घडीच्या कडेकडेने जायचं.
"केर्टू, घडी मोडायची नसते,
तिला फक्त झोपवायचं."

तरी कडा फाटायच्याच.
दरवर्षी पट्टी लावून बोटभर कापायचं.
त्यामुळे भेटी कागदाच्या मापाने ठरू लागल्या.
चादरीनंतर बूट, नंतर पाककृतींचं पुस्तक,
मग हातमोजे, आणि नोटा बदलल्या त्या हिवाळ्यात
कॉफीचं पाकीट, अर्धं भरलेलं.
साबण. दोऱ्याचं रीळ.
त्यांच्यात एकदा मोठं भांडण झालं,
कोणी तिरकं कापलं यावरून.
फोनवर. परगावच्या दराने.
तेवढ्या पैशांत नव्या कागदाची गुंडाळी आली असती,
हे मी म्हणाले, आणि दोघी मिळून माझ्यावर चिडल्या.

शेवटी तळहाताएवढा उरला.
एक फूल पूर्ण, दुसऱ्याचा देठ.
आजीने त्यात आईच्या कोटाचं बटण ठेवलं,
पुडी बांधली औषधाची बांधतात तशी,
आणि म्हणाली, आता बघू, ती काय पाठवते.

ते तिला बघता आलं नाही.
नोव्हेंबरात आम्ही तिला पुरलं. जमीन अजून गोठली नव्हती.
वाइके बोटीने आली, फारसं बोलली नाही,
माझ्या हातची कॉफी पातळ आहे एवढं सांगून गेली.

डिसेंबरात पार्सल आलं. सपाट, रुंद,
पिठाच्या गोणीच्या कापडात शिवलेलं.
आत वस्तू नव्हतीच.
एक ताव होता. जाड, खरखरीत,
एका कोपऱ्यात पातळ होत गेलेला,
निळा, पण पूर्ण निळा नाही,
जवळ धरला तर पाकळीचा ठिपका, गवताची काडी,
आणि एक केस, पांढरा.

तिने तिच्या वाट्याच्या सगळ्या कातरणी ठेवल्या होत्या,
काडेपेट्यांमध्ये, वर्षं लिहून.
बादलीत भिजवल्या, घोटल्या,
खिडकीच्या डासजाळीवर ओतून वाळवल्या.
आमच्या वाट्याच्या आम्ही दरवर्षी
शेगडीत टाकत आलो होतो. पेटवायला बऱ्या पडायच्या.

सोबत चिठ्ठी, दोनच शब्द: आता तू.
पाकिटावर नाव आजीचंच.

मी ताव टेबलावर पसरलाय.
फडकं ओलं केलं, इस्त्री लावली, बंद केली.
हा कागद इस्त्री सोसेल की नाही, कोणाला विचारू?
चादर यात मावणार नाही.
मोजे मावतील. तिचे पाय गार पडतात,
स्मशानात सारखी जागच्या जागी पाय आपटत होती.

एक कड आत्ताच सुटायला लागली आहे.
पट्टी सापडली, कात्री सापडली.
आता घरभर शोधते आहे
एक रिकामी काडेपेटी.